दुर्लक्ष कर गं!

‘शब्दच होते ना? कुणी हात तर लावला नाही! मग एवढं मनाला लावून काय घ्यायचं?’

बायकांना ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांवर कुठेही बोलायला उभं राहा, हा प्रश्न येतोच. कधी नवरा विचारतो, कधी भाऊ, कधी शेजारच्या टेबलावरचा सहकारी. पण सगळ्यात जास्त वेळा तो ती बाई स्वतःलाच विचारत असते. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालेलं असतं, ‘आकडेवारी राहू द्या, मॅडमना चहा-बिस्किटांचं बघू दे.’ सगळे हसले, तीही हसली. घरी येऊन तिनं बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, ‘दुर्लक्ष कर गं!’ तिला पटलंही. आणि रात्री अकरा वाजता ओटा पुसता पुसता तेच वाक्य पुन्हा कानात, या वेळी तिनं न दिलेल्या तीन उत्तरांसकट.

दुर्लक्ष करणं जमण्यासारखं असतं तर बायकांना ते केव्हाच जमलं असतं. सरावाला काही कमी पडलेली नाही. तेव्हा ते का जमत नाही, त्याची किंमत मनाला आणि शरीराला कशी मोजावी लागते, आणि तरीही काही जणी कशाच्या जोरावर उभ्या राहतात, ते एकेक करून पाहू.

१. हवालदार आणि नियमपुस्तक

‘स्त्रीद्वेष’ हा शब्द उच्चारला की समोरचे गृहस्थ दुखावतात. ‘अहो, माझा आईवर जीव आहे, मुलीचे तर मी किती लाड करतो. मी कसला द्वेष्टा?’ ते खोटं बोलत नसतात. घोटाळा आपण शब्द कसा समजतो त्यात आहे. द्वेष म्हणजे मनात धगधगणारा राग, असं आपण धरून चालतो आणि तो राग शोधायला लागतो. तो सापडत नाही.

तत्त्वज्ञ केट मॅन यांनी 2017 साली ‘डाउन गर्ल’ या पुस्तकात या गाठीची उकल केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बाईची जागा कुठे, हे सांगणाऱ्या आणि ते कसं बरोबर आहे हे पटवणाऱ्या समजुती ही एक गोष्ट. ते झालं नियमपुस्तक. आणि जागा सोडणारीला परत जागेवर आणण्यासाठी जो दंड होतो, ती दुसरी गोष्ट. तो झाला स्त्रीद्वेष. चौकातल्या हवालदाराला गाड्यांचा राग नसतो. निमूट रांगेतून जाणाऱ्या गाडीला तो हसून हात करतो. रेघ ओलांडली की शिट्टी.

1848 साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई फुले शिकवायला जाऊ लागल्या. वाटेत अंगावर शेण, चिखल, दगड पडत. म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघत, अशी आठवण सांगितली जाते. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. फक्त एक प्रश्न आपल्याला कुणी विचारला नाही : त्याच रस्त्यानं हौदावर पाण्याला जाणाऱ्या बाईच्या अंगावर का नाही शेण पडलं? तीही बाईच, घराबाहेर, रस्त्यावरच. पण तिच्या डोक्यावर घागर होती. सावित्रीबाईंना ज्या कामाला जायचं होतं, ते काम नियमपुस्तकात नव्हतं.

आता शेण मारत नाहीत. दंडाची नाणी लहान झाली आहेत : एक हसू, एक टोमणा, प्रमोशननंतर ‘कसं मिळालं ते माहितेय’ असं डोळ्यांनी बोलणं, खांद्यावर विसावलेला नको असलेला हात. नाणं लहान झालं म्हणून वसुली थांबलेली नाही.

२. कुकरच्या शिट्ट्या

मनावर परिणाम होतो म्हणजे नेमकं काय होतं? इथं घरातलंच उदाहरण घेऊ. गॅसवर कुकर चढवून तुम्ही मुलाचं गणित तपासायला बसता. तीन शिट्ट्यांना गॅस बंद करायचा आहे. तुम्ही गणितच पाहत असता, पण कानाचा एक कोपरा स्वयंपाकघरात असतो. ‘दोन झाल्या की तीन?’ तेवढ्यात हातचा एक राहून जातो. तुम्हाला गणित येत नाही असं नाही. डोक्यातली जी छोटी पाटी हिशेबाला लागते, तिच्यावर शिट्ट्याही मांडल्या गेल्या.

आता सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेणारी बाई डोळ्यांसमोर आणा. कट्ट्यावर चौघं बसलेत. गाडी खांबाला घासली तर ते काय म्हणतील, हे तिला आधीच पाठ आहे. पुरुषानं गाडी घासली तर ‘त्यानं’ घासली. तिनं घासली तर ‘बायकांनी’ घासली. म्हणजे तिला दोन गाड्या मागे घ्यायच्या असतात, एक स्वतःची आणि एक सगळ्या बायकांची. आरसा, ब्रेक, खांब यांच्याबरोबर कट्टाही पाटीवर येतो. आणि गाडी घासते.

मानसशास्त्रात या अवस्थेला ‘स्टिरिओटाइप थ्रेट’ म्हणतात. मी त्याला शिक्क्याचं दडपण म्हणते. 1999 साली स्पेन्सर, स्टील आणि क्विन या तिघांनी गणितात चांगल्या असलेल्या मुला-मुलींना एक अवघड परीक्षा दिली. काहींना आधी सांगितलं की या परीक्षेत मुलगे आणि मुली यांच्यात फरक दिसतो. बाकीच्यांना सांगितलं की फरक दिसत नाही. पहिल्या गटात मुली मागे पडल्या, दुसऱ्या गटात बरोबरीनं राहिल्या. प्रश्नपत्रिका तीच होती. एक मात्र सांगितलं पाहिजे. पुढे अशा प्रकारचे प्रयोग अनेकांनी पुन्हा करून पाहिले तेव्हा काही ठिकाणी परिणाम फारच क्षीण निघाला, काही ठिकाणी निघालाच नाही. त्यामुळे हा गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे. दडपण केव्हा चढतं, कुणावर चढतं, समोर कोण बसलं आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

पाटीवर शरीरही चढतं. 1998 मध्ये बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थी-विद्यार्थिनींना एका खोलीत एकेकट्यानं कपडे घालून पाहायला सांगितले; कुणाला स्वेटर, कुणाला पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच गणितं सोडवायची. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींचे गुण घसरले, मुलांचे नाही. खोलीत बघणारं कुणीही नव्हतं. बघणारा त्यांच्या डोक्यात येऊन बसला होता.

आपल्याकडे यासाठी पोहण्याच्या पोशाखाची गरज नाही. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीचा ओढणीवरचा हात बघा. दर दोन मिनिटांनी तो तिथे जातो. तिला विचारलं तर ती म्हणेल, ‘मी कुठे काय केलं?’

३. हाफ क्लच

एक छोटासा हिशेब मांडू. जेनेट स्विम आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना रोजनिशी ठेवायला सांगितली : बाई म्हणून किंवा पुरुष म्हणून कुणी काही बोललं, वागलं, तर त्याच दिवशी टिपून ठेवायचं. 2001 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. मनावर ओरखडा काढून जाणारा असा प्रसंग मुलींच्या वाट्याला आठवड्याला साधारण एक ते दोन वेळा येत होता, मुलांच्या वाट्याला त्याहून बराच कमी. अशा प्रसंगांनंतर राग वाढत होता आणि स्वतःबद्दलचं मत खाली येत होतं.

हा अमेरिकेतल्या कॉलेजांमधला आकडा. आपल्याकडचा वेगळा असेल, पण हिशेबापुरता आपण त्यातला कमीत कमी धरू : आठवड्याला एकच. वयाच्या पंधराव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत 45 वर्षं, वर्षाचे 52 आठवडे. पंचेचाळीस गुणिले बावन्न म्हणजे 2,340.

म्हणून ‘एका वाक्यानं एवढं काय झालं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणारीला वेगवेगळं गणित दिसत असतं. त्यानं ऐकलेलं वाक्य पहिलंच असतं. तिनं ऐकलेलं 2,341वं असतं.

शरीराचं काय होतं? गॅरेजमध्ये विचारा. काही जण गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसतात. दाबतही नाहीत, सोडतही नाहीत. न जाणो, गिअर बदलावा लागला तर! गाडी चालते, कुठेही आदळत नाही, आणि एक दिवस मेकॅनिक सांगतो, ‘क्लच प्लेट गेली.’ अपघात झालाच नव्हता, फक्त पाय कधी उचलला नव्हता. धोका समोर आला की शरीर तयारीत येतं : हृदयाची गती वाढते, रक्तात कॉर्टिसोलसारखी तणावाची संप्रेरकं उतरतात. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. ही यंत्रणा उत्तम आहे, पण ती वाघासाठी बनलेली आहे. वाघ येतो आणि जातो. ‘आज काही ऐकावं लागेल का?’ ही तयारी मात्र सकाळी सुरू होते आणि बंद व्हायचं नाव घेत नाही. शरीराच्या या झिजेचा अभ्यास ब्रूस मॅकइवेन यांनी 1990च्या दशकापासून केला. झोप उडणं, रक्तदाब, पित्त, सारखं डोकं दुखणं अशा तक्रारींमागे ही झीज असू शकते.

मग बाई काय करते? रस्ता बदलते. गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ संशोधिकेनं दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची कॉलेजची निवड आणि जाण्या-येण्याचे रस्ते ताडून पाहिले. प्रवेश मिळत असूनही मुली कमी दर्जाचं कॉलेज पत्करत होत्या, कारण तिथे जायचा रस्ता कमी त्रासाचा होता. मुलांच्या बाबतीत ही घासाघीस फारशी दिसत नव्हती. म्हणजे रस्त्यावरच्या टोळक्यानं एका मुलीची पदवी बदलली, आणि त्या टोळक्याला याचा पत्ताही नाही.

जगभर नैराश्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे. यात हार्मोन्सचा वाटा असतोच, पण सगळं बिल त्यांच्या नावावर फाडणं फारच सोयीचं आहे. एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली, कशातच रस वाटेना, मरणाचे विचार येऊ लागले, तर तो विषय पुस्तकाचा राहत नाही, डॉक्टरांचा होतो. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

४. ‘राहू द्या मॅडम, तुम्हाला कशाला त्रास?’

पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी 1996 साली दाखवून दिलं की बाईला कमी लेखण्याच्या दोन तऱ्हा असतात, एक कडू आणि एक गोड. कडू तऱ्हा म्हणते, ‘बायकांना यातलं काय कळतंय!’ गोड तऱ्हा म्हणते, ‘तुम्ही नाजूक, तुम्हाला जपलं पाहिजे.’ गोडवा खोटा असतो असं नाही, पण जपण्यासाठी कोपऱ्यातच बसावं लागतं.

यातली जास्त घातक कोणती? मला पूर्वी वाटायचं, उघडच कडू. 2007 साली बेल्जियममधल्या बेनुआ दार्देन आणि सहकाऱ्यांनी नोकरीच्या मुलाखतीचा प्रसंग उभा करून बायकांची चाचणी घेतली. सुरुवातीला मुलाखत घेणारा कुणाला कडू बोलला, कुणाला गोड. सगळ्यात वाईट कामगिरी झाली ती गोड ऐकलेल्या बायकांची. चाचणी चालू असताना ‘आपल्याला हे जमेल ना?’ हा विचार त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होता.

विचार केला की हे उलगडतं. शिवी दिली की शत्रू दिसतो. राग येतो, आणि राग ताकद देतो. काळजी दाखवली की शत्रू दिसत नाही. मग मनात उठलेली कळ कुणाच्या नावावर मांडायची? ती स्वतःच्या खात्यावर जमा होते.

५. ‘तिथल्या तिथे का नाही बोललीस?’

छळाच्या प्रत्येक हकिकतीनंतर हा प्रश्न येतो. कोर्टात येतो, कार्यालयाच्या तक्रार समितीत येतो, घरात जेवताना येतो. विचारणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं : ‘मी असते तर एक कानाखाली दिली असती.’

ज्युली वुड्झिका आणि मारियान लाफ्रान्स यांनी 2001 साली हेच चित्र तपासलं. काही तरुणींना त्यांनी विचारलं, नोकरीच्या मुलाखतीत पुरुषानं ‘तुला बॉयफ्रेंड आहे का?’, ‘लोकांना तू आकर्षक वाटतेस का?’, ‘कामावर येताना बायकांनी ब्रा घालणं महत्त्वाचं वाटतं का?’ असं विचारलं तर तू काय करशील? अनेकींनी सांगितलं, राग येईल; बहुतेक जणी म्हणाल्या, मी त्याला सुनावीन. दहातल्या जवळजवळ सात जणी म्हणाल्या की निदान एका तरी प्रश्नाला उत्तर देणार नाही.

मग दुसऱ्या तरुणींना खरोखर मुलाखतीला बोलावलं. ही नोकरी खरी नाही, प्रयोग आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तेच तीन प्रश्न आले. उत्तर नाकारलं किती जणींनी? एकीनंही नाही. काहींनी सौम्यपणे ‘हे का विचारताय?’ एवढं विचारलं. आणि त्यांना प्रामुख्यानं राग आला नव्हता, भीती वाटली होती. पुढच्या साध्या कामाच्या प्रश्नांना उत्तरं देतानाही त्या अडखळत होत्या.

या प्रयोगाचं वर्णन वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. मीही कधीकाळी दुसऱ्या एकीबद्दल म्हटलेलं होतं, ‘गप्प कशी बसली ही?’ खुर्चीत बसून विचार करणाऱ्याला राग येतो, कारण त्याचं काही पणाला लागलेलं नसतं. समोर बसलेलीला नोकरी दिसत असते, दार दिसत असतं, आणि हा माणूस पुढे काय करील हे दिसत नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या होत्या फक्त 14 टक्के. बाकीच्या एकूण एक भित्र्या होत्या, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मला वाटतं त्यांनी हिशेब केला होता.

६. बायकाच बायकांच्या वैरी?

हा प्रश्न विचारताना पुरुष वाचकांच्या चेहऱ्यावर हलकंसं समाधान असतं, म्हणून टाळून चालणार नाही.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध केलं. नवरा त्यांना शिकवत होता. इंग्रजी वाचायला बसलं की टोमणे मारत होत्या त्या घरातल्या मोठ्या बायका. शिक्षेचा दंडुका बाईच्या हातात होता, यात शंका नाही. पण तो तिथे कसा आला?

समाजशास्त्रज्ञ डेनिझ कँडियोटी यांनी 1988 साली याला सौदा म्हटलं. अगदी भिशीसारखा. नवी सून पहिली काही वर्षं फक्त भरत राहते : कष्ट, पडती बाजू, गिळलेले शब्द. तिला माहीत असतं की आपला नंबर शेवटी लागणार आहे, मुलाचं लग्न होईल तेव्हा. आणि नेमका तिचा नंबर यायच्या वेळी घरात येणारी मुलगी म्हणते, ‘मी भिशी भरणार नाही.’ पंचवीस वर्षं भरलेल्या बाईचा जीव वरखाली होईल की नाही? तिचा राग सुनेवर निघतो. भिशी कुणी सुरू केली, याची चौकशी होत नाही.

आधी सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, काही ठरावीक कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारलं तर ते योग्य आहे, असं म्हणणारे पुरुष देशभरात 44 टक्के निघाले आणि स्त्रिया 45 टक्के. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य शेवटी स्वतःच्याच आवाजात ऐकू येऊ लागतं. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपण सासवांच्या धूर्तपणासाठी वापरतो, पण ती मनाबद्दलही खरी आहे. टीव्हीवरच्या कुठल्याशा नटीबद्दल बाबा काही बोलतात. सोफ्यावर बसलेली तेरा वर्षांची लेक तोंड उघडत नाही, पण तिनं ते आपल्या नावावर लिहून घेतलेलं असतं.

७. सोशिक आणि चिवट

आता या सगळ्याला पुरून उरणाऱ्या बायकांकडे वळू. मराठीत त्यांच्यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते एकाच अर्थानं वापरतो, ही मोठी गफलत आहे. सोशिक बाई सहन करते. तिच्याभोवती काही बदलत नाही, म्हणूनच तिचं एवढं कौतुक होतं. तिचे सत्कार होतात, शालही मिळते. चिवट बाई वाकते, पण पुन्हा आपल्या आकारात येते, आणि बहुधा काहीतरी हलवून येते. तिला शाल सहसा उशिरा मिळते.

चिवटपणा हा जन्मजात पोलादी स्वभाव असतो, ही दुसरी गफलत. एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजार यांच्यात वाढलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं पुढे धडधाकट, कर्ती झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी खात्रीचं मोठं माणूस होतं, आजी, मावशी किंवा शिक्षक, ही त्यातली ठळक गोष्ट होती.

रखमाबाईंची गोष्ट या नजरेनं वाचली तर वेगळीच दिसते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीनं पुढे नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884 मध्ये तिचे पती दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला, अपिलानंतर फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, असं तिनं कळवलं. टिळकांच्या वर्तमानपत्रांपासून घराघरांपर्यंत तिच्यावर तुटून पडणारे होते. एखाद्या मनाचा चुरा व्हायला एवढं पुरेसं होतं.

आता तिच्या बाजूला कोण होतं ते बघा. आई जयंतीबाई. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांनी ती जाणती होईपर्यंत तिला घरीच ठेवलं. 1885 मध्येच त्यांचा मृत्यू झाला, पण तोवर पाया घातला गेला होता. खटल्यासाठी उभी राहिलेली बचाव समिती. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. शिवाय तिचा स्वतःचा कागद : 1885 मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं तिनं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहिली आणि बालविवाहात मुलीचं शिक्षण आणि मन कसं खुरटतं ते मांडलं. आपल्या दुःखाचं एका रीतीत रूपांतर केलं, म्हणजे ते ‘माझ्या नशिबाचं’ राहिलं नाही. 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, 1894 मध्ये परतल्या आणि सुरतेत, पुढे राजकोटला त्यांनी दवाखान्यांत काम केलं. 1955 पर्यंत जगल्या.

1880च्याच दशकातली दुसरी बाई बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुण्यात छापून घेतलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. ज्या दोषांसाठी बायकांना बोल लावता ते तुमच्यात नाहीत का, असा रोकडा सवाल त्यात आहे. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले ‘सत्सार’मधून 1885 साली तिच्या बाजूनं बोलले, तसं बोलणारा आवाज जवळजवळ तेवढाच. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही.

1975 साली स. गं. मालशे यांनी तेच पुस्तक पुन्हा प्रकाशात आणलं. मजकूर तोच होता. या वेळी ते वाचायला बायकांचे गट होते, शिबिरं होती, एकमेकींना वाचून दाखवायला मैत्रिणी होत्या. ‘ही तर आपलंच बोलतेय!’ असं म्हणणारं कुणी मिळायला पुस्तकाला 93 वर्षं लागली.

८. नाव आणि हाक

‘हे माझ्या कमीपणामुळे झालं की समोरच्याच्या नजरेमुळे?’ या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर मनाचं काय होतं, हेही तपासलेलं आहे. 1991 मध्ये जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी काही तरुणींच्या निबंधांवर वाईट शेरे दिले. परीक्षक बायकांना कमी लेखणारा आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं मन इतरांइतकं खचलं नाही. आणि 2005 मध्ये जॉन्स, श्मेडर आणि मार्टेन्स यांनी गणिताच्या परीक्षेआधी काही मुलींना शिक्क्याच्या दडपणाबद्दल सरळ सांगून टाकलं : घाबरल्यासारखं झालं तर ते तुमच्या गणितामुळे नाही, या दडपणामुळे असू शकतं. एवढ्या एका वाक्यानंतर त्या मुली मुलांच्या बरोबरीनं राहिल्या. कुकर चालूच होता. शिट्ट्या मात्र मोजाव्या लागल्या नाहीत.

अर्थात याची दुसरी बाजू आहे. प्रत्येक टीका आकसापोटीच आहे असं धरलं तर खरी चूक सुधारायची राहून जाते, आणि कौतुकही खरं वाटेनासं होतं. म्हणून एकटीनं निवाडा करणं अवघड असतं. ‘तुलाही असंच म्हणाला का तो?’ हे विचारायला दुसरी लागते. डबा खाताना होणाऱ्या ज्या बोलण्याला पुरुष कुचाळक्या म्हणतात, त्यातला बराच भाग हा पडताळा असतो.

जात्यावर बहुधा दोघी बसत, आणि हा पडताळा तिथे शतकानुशतकं चालला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत भक्ती आहे, माहेर आहे, आणि सासर, मार, मुलीचा जन्म यांबद्दल दिवसाउजेडी जे बोलता येत नव्हतं तेही आहे. पहाटेच्या अंधारात, दगडाच्या घरघरीच्या आडोशानं. तेवढ्यानं मार थांबला नाही. पण हे आपल्या एकटीचंच नाही, हे तिथे रोज नव्यानं कळत होतं.

शेवटी एक प्रसंग, साताऱ्याचा. मुलगाच हवा होता अशा घरांत जन्मलेल्या काही मुलींचं नाव ‘नकुशा’ ठेवलेलं असे, म्हणजे नको असलेली. शाळेच्या हजेरीत रोज तेच, पाण्याला बोलावताना तेच, आईच्या मायेच्या हाकेतही तेच. जिल्हा प्रशासनानं अशा मुली शोधून काढल्या आणि ऑक्टोबर 2011 मध्ये एका कार्यक्रमात 285 जणींची नावं बदलली. ठेवणीतले कपडे, वेण्यांना रिबिनी बांधून मुली रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ मिळाला. कुणी नटीचं नाव निवडलं, कुणी नुसतं कानाला गोड वाटलं ते. त्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. तिचं जुनं नाव आजोबांनी ठेवलेलं. वार्ताहरांनी विचारलं तेव्हा तिनं आनंदाचं कारण सांगितलं, ते असं, की आता शाळेत वर्गातल्या मुली आणि मैत्रिणी तिला या नव्या नावानं हाक मारतील.